उपकारस्तुतीचा गुरुवार आणि आगमनकाळाचा पहिला रविवार

सीनाकाठ (धागाकर्ता)

अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, म्हणजे उपकारस्तुतीचा सण, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, म्हणजे तो २२ ते २८ यांपैकी कोणत्याही तारखेला पडू शकतो. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या सुमारे चार आठवड्यांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार हा ३० नोव्हेंबरला, म्हणजे संत अंद्रियाच्या सणाला, सर्वांत जवळ असलेला रविवार असतो आणि तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. हे दोन नियम शेजारी ठेवून पाहिले की ध्यानात येते, की बहुतेक वर्षी गुरुवारी आभाराचे जेवण होते आणि लगेच त्या रविवारी देवळात आगमनाची पहिली मेणबत्ती लागते. गुरुवार २२ किंवा २३ तारखेला आला, तरच मध्ये एक मोकळा रविवार राहतो, जसा २०१८ आणि २०२३ मध्ये राहिला होता.

हा शेजार कोणी ठरवून घडवलेला नाही. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून येऊन प्लिमथला वसलेल्या लोकांचे पुढारी इंग्लंडच्या राजमान्य मंडळीतून (चर्चमधून) फुटून निघालेले होते, आणि ज्या सणांना बायबलचा आधार नाही ते सगळे त्यांनी टाकून दिले होते. प्रभुवार, म्हणजे रविवार, तेवढा पाळायचा. त्याखेरीज संकट आले की उपासाचा दिवस जाहीर करायचा आणि संकट टळले की उपकारस्तुतीचा, अशी त्यांची रीत होती. शेजारच्या मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने तर १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला आणि तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. ज्यांच्या नावावर आज थँक्सगिव्हिंग जमा आहे, त्यांच्या घरात कोणी आगमनकाळाची मेणबत्ती लावली असती, तर ती त्यांनीच फुंकून विझवली असती.

नगरकडच्या माझ्यासारख्या माणसाला यात घरची गोष्टही दिसते. अमेरिकन बोर्ड या मिशनसंस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले आणि १८३१ मध्ये त्यांच्या मिशनचे काम नगरला सुरू झाले. ही माणसे न्यू इंग्लंडच्या त्याच परंपरेतली होती. त्यामुळे आमच्याकडे उपकारस्तुती घराघरात मुरली, आगमनकाळ मात्र उशिरा आला. पुढे या मिशनच्या मंडळ्या आधी एका संयुक्त मंडळीत आणि मग, अँग्लिकन व इतर पंथांबरोबर, चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या आणि मंडळीचे पूर्ण पंचांग त्यांच्याकडे आले. ते ऐक्य नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाले. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता आणि त्याआधीच्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग झाला होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्याकडे दानाच्या वेळी पाळक उपकारस्तुतीची पाकिटे वाचून दाखवतात, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ‘नातवाला नोकरी लागल्याबद्दल देवाचे आभार मानून ५०१ रुपये’, ‘ऑपरेशन सुखरूप पार पडल्याबद्दल २५१ रुपये’, ‘विहिरीला पाणी लागल्याबद्दल १०१ रुपये’. पाकिटावरचे अक्षर बहुधा घरातल्या शाळकरी मुलाचे असते आणि नाव आजीचे असते. इथे बॉस्टनजवळ आम्ही काही मराठी कुटुंबे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी एका देवळाच्या तळघरात जमतो, तेव्हा हीच रीत चालू असते. पाकिटांऐवजी प्रत्येकजण उभा राहून साक्ष देतो, एवढाच फरक. ग्रीनकार्ड मिळाले, घर झाले, मुलीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हे आभार खरेच असतात, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु मिळालेल्या गोष्टींची यादी वाचून संपली की आभारही संपतात आणि दुसऱ्या दिवशी रविवारी आपण देवळात जाऊन ‘ये, प्रभू’ असे म्हणू लागतो, तेव्हा त्या दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असे कोणाच्याच बोलण्यातून जाणवत नाही.

माझे म्हणणे असे, की संबंध आहे आणि तो प्लिमथकरांच्या त्या जुन्या प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट) रीतीतच आहे. १६२३ च्या उन्हाळ्यात प्लिमथला मोठे अवर्षण पडले, शेते वाळू लागली, तेव्हा त्यांनी आधी नम्र होऊन प्रार्थनेचा दिवस पाळला आणि पाऊस पडल्यावर उपकारस्तुतीचा दिवस पाळला. म्हणजे उपास आणि आभार ही एक जोडी होती. राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या ३ ऑक्टोबर १८६३ च्या थँक्सगिव्हिंगच्या जाहीरनाम्यातही, यादवी युद्ध ऐन भरात असताना, आभारांबरोबरच राष्ट्राच्या हट्टीपणाबद्दल आणि आज्ञाभंगाबद्दल पश्चात्ताप करावा आणि युद्धाने विधवा, अनाथ व शोकाकुल झालेल्यांना देवाच्या हाती सोपवावे, असे सांगितले आहे. थँक्सगिव्हिंगच्या भोजनातून हा दुसरा भाग गळून गेला. आगमनकाळ तो भाग परत आणून देतो, कारण तोही मुळात उपासाचा आणि आत्मपरीक्षणाचा काळ आहे. आपण हे दोन्ही कसे पाळता, हे वाचायला आवडेल.

वसईकर

धागा आवडला. कॅथलिक बाजूने थोडी भर घालतो. थँक्सगिव्हिंग हा आमच्या उपासना-पंचांगातला सण नाही, तरी अमेरिकेच्या मिस्साग्रंथात (उपासनेच्या पुस्तकात) त्या दिवसासाठी स्वतंत्र प्रार्थना दिलेल्या आहेत आणि त्या दिवशी बहुधा बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांचा उतारा वाचला जातो. शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवर दहा जण दुरून हाका मारतात, येशू त्यांना याजकांकडे पाठवतो, वाटेतच ते शुद्ध होतात, आणि एकटा शोमरोनी तेवढा परत येऊन पाया पडतो. या उताऱ्यावर प्रवचन करताना बाकीच्या नऊ जणांना झोडपण्याची प्रथा आहे. वास्तविक ते नऊ जण सांगितलेलेच काम करायला गेले होते. त्यांनी आज्ञा मोडलेली नव्हती. नियम पाळूनही आभार राहून जाऊ शकतात, ही त्या गोष्टीतली बोचरी बाजू आहे.

पण मला सांगायचे आहे ते पुढचे. हा उतारा १९ व्या ओवीला संपतो आणि २० व्या ओवीत परूशी (यहुद्यांतील एक कडवा धर्मपंथ) विचारतात, ‘देवाचे राज्य केव्हा येईल?’ त्यानंतर येशू नोहाच्या दिवसांबद्दल बोलतो: लोक खात होते, पीत होते, लग्ने करत होते, आणि जलप्रलय आला. मत्तयाच्या २४ व्या अध्यायातील नोहाचा हाच विषय आमच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रातील पहिल्या वर्षी, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी वाचला जातो. म्हणजे आभाराची गोष्ट आणि आगमनाचा प्रश्न लूकने एकाला लागूनच एक ठेवले आहेत. आपण गुरुवारी पुस्तक मिटतो, म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

आणखी एक. गुरुवार २४ किंवा त्यानंतरच्या तारखेला आला, तर तो उपासना-वर्षाच्या अगदी शेवटच्या आठवड्यात पडतो. त्या गुरुवारचे नित्याचे शुभवर्तमान लूकच्या २१ व्या अध्यायातील आहे: यरुशलेमेला सैन्यांनी वेढा पडतो, राष्ट्रे घाबरी होतात, आणि शेवटी येशू सांगतो, ‘सरळ उभे राहा आणि आपली डोकी वर करा, कारण तुमचा मुक्तिसमय जवळ आला आहे.’ टर्कीच्या जेवणाआधी हे वाचन कोणी सहसा निवडत नाही. एखाद्या वर्षी निवडून पाहावे.

प्रश्नचिन्ह

मी ख्रिस्ती नाही, टेक्ससमध्ये राहतो आणि थँक्सगिव्हिंग हा या देशातला एकमेव असा सण आहे ज्यात मला परका वाटत नाही, म्हणून हा धागा वाचत आहे. दोन शंका आहेत. पहिली अशी, की ऑफिसातल्या जेवणात सगळे ‘मी कृतज्ञ आहे’ असे म्हणतात, पण कोणाविषयी, हे कोणी सांगत नाही. श्रद्धावान माणसाला ते अपुरे वाटते का? दुसरी अधिक टोकदार आहे. ज्या लोकांची जमीन गेली, त्यांच्या दृष्टीने या दिवसाचा अर्थ काय होतो, आणि ख्रिस्ती भक्तीत त्याला जागा आहे की नाही?

सीनाकाठ

प्रश्नचिन्ह, पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात देतो. अपुरे वाटते, पण खोटे वाटत नाही. कोणाचे आभार मानायचे हे ठाऊक नसतानाही माणसाला ते मानावेसे वाटतात, ही गोष्ट मला तरी आशादायक वाटते.

दुसरी शंका टाळण्यासारखी नाही. १६२१ च्या शरद ऋतूत प्लिमथला जी मेजवानी झाली, तिचे वर्णन एडवर्ड विन्स्लोने त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिहिलेल्या पत्रात आहे. मेफ्लॉवरच्या १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे पहिल्या हिवाळ्यात मेले होते. उरलेल्यांच्या पंक्तीला वांपानोआग लोकांचा प्रमुख मॅसासोइट सुमारे नव्वद माणसे घेऊन आला. त्याच्या लोकांनी पाच हरणे मारून आणली आणि तीन दिवस खाणेपिणे झाले. त्या पत्रात देवाच्या चांगुलपणाचा उल्लेख आहे, उपासनेचे वर्णन नाही. त्याच मॅसासोइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ मध्ये इंग्रजांशी झालेल्या युद्धात मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथमध्ये खांबावर लावले गेले. यजमान आणि पाहुणे यांच्या दुसऱ्या पिढीत ही अवस्था झाली. त्या युद्धाच्या काळात वसाहतींनी विजयाबद्दल उपकारस्तुतीचे दिवसही जाहीर केले, हे सांगायला मला लाज वाटते, पण ते नोंदलेले आहे.

१९७० पासून वांपानोआग आणि इतर मूळ रहिवासी थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथच्या टेकडीवर जमून शोकदिन पाळतात. मी तिथून फार दूर राहत नाही, आणि माझ्या मते त्या टेकडीवर जे बोलले जाते ते ख्रिस्ती माणसाने ऐकले पाहिजे. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी दरवर्षी बाप्तिस्मा करणारा योहान समोर उभा राहतो आणि तो काही गोड बोलत नाही. पश्चात्तापाला शोभतील अशी फळे द्या, आणि अब्राहाम आमचा बाप आहे असे आपल्याशी म्हणू नका, असे तो बजावतो. ज्याला वाडवडिलांच्या पुण्याईचा फार अभिमान आहे, त्याला हे वाक्य झोंबायलाच हवे. त्या दिवशी आभार मानूच नयेत, असे मी म्हणणार नाही. पण ज्या आभारांत दुसऱ्याच्या पराभवाचा वाटा आहे, ते देवापुढे तसेच ठेवता येत नाहीत. त्यांच्याबरोबर कबुलीही ठेवावी लागते.

मांडवी

गोव्याहून लिहीत आहे. आमच्याकडे पिकाचे आभार नोव्हेंबरपर्यंत थांबत नाहीत. कणसांचे फेस्त, म्हणजे सण, ऑगस्टमध्ये सुरू होते. भाताची पहिली कणसे कापून पाद्री त्यांना आशीर्वाद देतात आणि घरोघरी ती नेली जातात. मुंबईच्या ईस्ट इंडियन (मूळच्या स्थानिक ख्रिस्ती) लोकांच्या गावठाणांत आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो, तोही भाताच्या लोंब्यांचाच सण आहे. त्यामुळे नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या मनात आभारापेक्षा गोंयच्या सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, नोवेना (नऊ दिवसांची प्रार्थना) असते. ती २४ नोव्हेंबरला सुरू होते आणि ३ डिसेंबरला त्याचे फेस्त होते. जुन्या गोव्याला पहाटेपासून मिस्सा चालू असतात, लोक दूरदूरच्या गावांतून चालत येतात, कोणी नवस फेडायला येतो, कोणी नवा करायला.

सीनाकाठ यांनी मांडलेला प्रश्न मला तिथे वेगळ्या रूपात दिसतो. नवस फेडायला आलेल्या माणसाच्या हातात मेणाची आकृती असते. पाय बरा झाला तर मेणाचा पाय, मूल झाले तर मेणाचे बाळ. हे आभार डोळ्यांना दिसतात, हातात धरता येतात. पण हे फेस्त दरवर्षी आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातच पडते, आणि त्या गर्दीत, खाज्याच्या आणि चण्यांच्या दुकानांत, आगमनकाळ सुरू झाला आहे याची आठवण जांभळ्या वस्त्रांखेरीज कोणी करून देत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. नऊ दिवस मनापासून आभार मानून झाल्यावर माणूस शांतपणे वाट पाहू शकतो.

वसईकर

मांडवी, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी निम्माच सहमत आहे. वाट पाहणे आपोआप येत नाही, त्याला काही तरी सोडावे लागते. जुन्या नियमाप्रमाणे आगमनकाळात लग्नाचा थाटमाट वर्ज्य होता, म्हणून लग्ने एक तर त्याआधी उरकत किंवा नाताळानंतर निघत. रविवारच्या मिस्सामध्ये या चार आठवड्यांत गौरवगीत म्हटले जात नाही; ते नाताळच्या रात्री एकदम घंटांसह परत येते. वेदीवर फुलेही बेताने ठेवतात. हे सगळे उपवासाचेच अवशेष आहेत. सहाव्या शतकात गॉलमध्ये संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करण्याची आज्ञा झाली होती. आज डिसेंबर लागला की नाताळची गाणी लाउडस्पीकरवर सुरू होतात आणि २५ तारीख येईपर्यंत कान किटून जातात. मग त्या रात्रीच्या गौरवगीतात नवल काय राहणार?

धुळाक्षरे

वसईकरांनी उपवासाचा विषय काढला म्हणून लिहितो. पुण्यात आमच्या शेजारी राहणारे मलयाळी कुटुंब १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत मांसमासे सोडते. त्यांना त्यात विशेष काही वाटत नाही, आपल्याला मात्र फार वाटते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत तर नाताळचा उपास १५ नोव्हेंबरलाच सुरू होतो आणि चाळीस दिवस चालतो, म्हणजे अमेरिकेतला थँक्सगिव्हिंग थेट उपवासात सापडतो. तिथल्या अनेक बिशपांनी त्या एका दिवसापुरती मोकळीक देऊन हा पेच सोडवला आहे. मला ही तोड शहाणपणाची वाटते. आभाराच्या पंगतीला बसण्यासाठी उपास एक दिवस सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धरायचा, यात दोन्हींचा मान राहतो.

आगमनकाळाच्या मेणबत्त्या ज्यावर लावतात, त्या पुष्पचक्राविषयीही थोडे सांगतो. ते फार प्राचीन असेल असे आपण समजतो, पण त्याचा उगम १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये सापडतो. योहान हिन्‍रिक विशर्न हे पाळक तिथे गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ केव्हा, नाताळ केव्हा, असे मुले रोज विचारत, म्हणून त्यांनी लाकडी चाकावर रविवारांच्या चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या बसवल्या आणि दररोज एक लावू लागले. पुढे लहान मेणबत्त्या गेल्या, हिरवे डहाळे आले आणि चारच उरल्या. ज्या मुलांकडे आभार मानण्यासारखे फारसे काही नव्हते, त्यांच्यासाठी ही वस्तू तयार झाली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जुनी_वही

मी सहसा लिहीत नाही, पण धुळाक्षरे यांचे शेवटचे वाक्य वाचून लिहावेसे वाटले. आमच्याकडे यंदा घरातला कर्ता माणूस गेला. उपकारस्तुतीच्या सभेत साक्षीची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात, कारण मी ताठ उभी राहून, ‘तरीही देवाचे आभार’ असे म्हणावे अशी अपेक्षा असते. कोणी ती बोलून दाखवत नाही, पण ती असते. मला वचने ठाऊक आहेत. थेस्सलनीकाकरांस पत्रातील ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन आमच्या भिंतीवर आहे. यंदा ते वाचताना माझा आवाज निघत नाही, आणि न निघालेल्या आवाजाने सभेत बसणे ही अवघड गोष्ट आहे. अशा माणसाने त्या दिवशी काय करावे, हे या धाग्यावर कोणी सांगितले तर बरे होईल. सांत्वन नको आहे, ते पुष्कळ झाले.

सीनाकाठ

ताई, सांत्वन करत नाही. मी जे पाहिले आहे तेवढेच लिहितो.

साक्ष देण्याची आपली पद्धत चांगली आहे, पण तिने नकळत एक सक्ती निर्माण केली आहे, की प्रत्येकाची गोष्ट शेवटी सुखाची झाली पाहिजे. बायबलची पद्धत तशी नाही. स्तोत्रसंहितेत आभाराच्या स्तोत्रांपेक्षा गाऱ्हाण्याची स्तोत्रे जास्त आहेत आणि ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते; त्याच्या शेवटी कोणी आशेची ओळ जोडली नाही. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या शेवटी अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, वाड्यात मेंढरे नाहीत आणि गोठ्यात गुरे नाहीत, हे सगळे नाव घेऊन सांगून झाल्यावर मग, ‘तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन’ असे येते. त्या ‘तरी’पर्यंत पोहोचायला संदेष्ट्याला तीन अध्याय लागले. ते एका सभेत व्हावे, असा आग्रह कोणी धरू नये.

म्हणून मला वाटते, की ज्याला गुरुवारी उभे राहता येत नाही त्याच्यासाठी रविवार आहे. आगमनकाळाची वाचने बहुतेक बंदिवासातील आणि उजाड झालेल्या लोकांची आहेत. ‘माझ्या लोकांचे सांत्वन करा’ हे यशया संदेष्ट्याचे शब्द ज्यांची घरे बाबेलने उद्ध्वस्त केली त्यांना उद्देशून आहेत. त्या रविवारी कोणी तुम्हांला काय मिळाले, असे विचारत नाही. काय हरवले आहे आणि कोणाची वाट पाहत आहात, एवढेच तिथे चालते, आणि तेवढे घेऊन येणारा माणूस त्या दिवसाचा खरा उपासक असतो. आधी मी लिहिले होते, की आगमनकाळ थँक्सगिव्हिंगला पश्चात्तापाचा भाग परत देतो. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर असे म्हणेन, की तो रडण्याची मुभाही परत देतो.

धुळाक्षरे

ताई, सीनाकाठ यांच्या म्हणण्याला एक इतिहासातला दाखला जोडतो. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगला अनेक देवळांत जे जुने जर्मन आभारगीत म्हटले जाते, ते लिहिणारे मार्टिन रिंकार्ट हे सॅक्सनीतील आयलेनबुर्ग गावचे पाळक होते. तीस वर्षांच्या युद्धात त्या तटबंदीच्या गावात आसऱ्याला आलेल्यांची गर्दी झाली आणि १६३७ मध्ये प्लेगची साथ आली. इतर पाळक मेले किंवा निघून गेले आणि त्यांनी एकट्याने चार हजारांहून अधिक लोकांचे दफन केले, त्यांत त्यांची स्वतःची पत्नीही होती. ते गीत याच युद्धाच्या काळातले आहे आणि मुळात घरात जेवणाच्या वेळी म्हणण्यासाठी होते. गंमत अशी, की आज ते गाणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते भरल्या कोठारांचे गीत वाटते. रिंकार्टनी त्या वर्षी ते म्हटले की नाही, कोणी सांगावे. पण एखाद्या दिवशी त्यांचाही आवाज निघाला नसेल, असे मानायला काही हरकत नाही.

वसईकर

जुनी_वहीताई, सीनाकाठ यांनी रविवार सुचवला, मी एक व्यक्ती सुचवतो. लूकच्या पहिल्या अध्यायात येशूची आई मरिया आपली नातलग अलीशिबा हिच्या घरी गीत गाते, ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो.’ आमच्याकडे हे वाचन नाताळच्या अगदी जवळ, २२ डिसेंबरला येते. त्या गीतात सगळी क्रियापदे झालेल्या गोष्टींची आहेत: त्याने गर्विष्ठांची दाणादाण केली, अधिपतींना आसनांवरून ओढून काढले, भुकेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केले. प्रत्यक्षात त्या वेळी यातले काहीच झाले नव्हते. हेरोद गादीवर होता, रोमचा कर चालू होता, मूल जन्मालाही यायचे होते. मिळाल्यानंतर मानलेले आभार आपल्याला येतात. हे मिळण्याआधीचे आहेत. पाकिटावर अशा आभारांचा मजकूर कोणता लिहायचा, हे सीनाकाठ यांनीच सांगावे.

प्रश्नचिन्ह

बाहेरचा माणूस म्हणून एक निरीक्षण नोंदवतो. तुम्ही मंडळी जे वर्णन करत आहात, त्यातले बरेचसे पंढरीच्या वाटेवरच्या माणसालाही समजेल. भेट झालेली नसताना भेटीचा आनंद गाण्यात उतरतो, आणि त्यात तक्रारही मोकळेपणाने असते. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात तेव्हा कोणाला ते अश्रद्धेचे वाटत नाही.

सीनाकाठ

प्रश्नचिन्ह, तुमचे निरीक्षण आमच्यापैकी अनेकांच्या घरचेच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणी आलो असे ते सांगत. नगर भागातल्या मंडळ्यांत त्यांनी भजन आणि कीर्तन रुजवले, म्हणून आमची आगमनकाळाची उपासना हार्मोनियम आणि टाळांशिवाय पुरी वाटत नाही. इंग्रजी कॅरलांमध्ये बाळाचे कौतुक पुष्कळ असते, पण वाट पाहण्याची तळमळ मला तरी मराठी भजनांत जास्त सापडते.

वसईकर, पाकिटाच्या मजकुराबद्दल मी विचार करत होतो आणि उत्तर फिलिप्पैकरांस पत्रात मिळाले. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन तुमच्या तिसऱ्या रविवारच्या गुलाबी मेणबत्तीचे. त्यानंतर दोनच ओव्यांनी पौल सांगतो, की कशाविषयीही चिंताक्रांत न होता ‘आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा.’ मागणी आणि आभार एकाच वाक्यात आहेत, आणि हे पत्र तुरुंगातून लिहिलेले आहे. यंदाच्या आमच्या शनिवारच्या सभेत म्हणून असे करावे म्हणतो: प्रत्येकाने पाकिटाच्या एका बाजूला आभार लिहावेत आणि दुसऱ्या बाजूला ज्याची वाट पाहत आहोत ते लिहावे. ज्यांना एकच बाजू लिहायची असेल, त्यांनी कोणतीही एक लिहावी. कोरे पाकीटही चालेल. ती वाचून दाखवायची नाहीत. आगमनकाळाचे चारही रविवार ती पुष्पचक्राजवळच्या टोपलीत राहतील आणि त्यांतले दान प्लिमथच्या बाजूला बेघरांसाठी चालणाऱ्या अन्नछत्राला जाईल. साक्षींचा वेळ ठेवू, पण नावे पुकारणार नाही. वाचने तीन असावीत असे वाटते: लूक १७, मात्र १९ व्या ओवीला न थांबता पुढच्या प्रश्नासह, हबक्कूकचा शेवट, आणि रोमकरांस पत्राच्या १३ व्या अध्यायातील ‘रात्र सरत येऊन दिवस जवळ आला आहे’ हा भाग.

मांडवी

टोपलीची कल्पना चांगली आहे. एकच सूचना करते. नाताळनंतर ती पाकिटे फेकू नका, मालकांना परत द्या. जुन्या गोव्यात लोक दुसऱ्या वर्षी येतात तेव्हा गेल्या वर्षी काय मागितले होते, ते त्यांना पक्के आठवत असते. शहरातल्या माणसाला लिहून ठेवावे लागते.

जुनी_वही

सर्वांची आभारी आहे. हबक्कूकचे वाचन मला करू द्यावे. तुमची सभा शनिवारी दुपारी दोनला असेल तर इकडे पुण्यात मध्यरात्र उलटून गेलेली असेल, म्हणून मी ते आधीच ध्वनिमुद्रित करून पाठवते. तिसऱ्या अध्यायाची १७ वी ओवी नक्की वाचीन. १८ वी त्या दिवशी जमली तर वाचीन, नाही तर तुमच्यापैकी कोणी तरी पुढे वाचावी.

सीनाकाठ

ताई, आम्ही सगळे मिळून वाचू. ध्वनिमुद्रण शुक्रवारपर्यंत आले तर तळघरातल्या स्पीकरवर एकदा लावून पाहता येईल, कारण तो अधूनमधून खरखरतो.